चांदा फोर्टला उतरता, मग फोर्ट का नाही बघत?

नागभीडहून बल्लारशाकडं जाणारी गाडी पकडली की चंद्रपूरला आपण उतरतो त्या स्टेशनाचं नाव ‘चांदा फोर्ट’. तिकिटावर फोर्ट, पाटीवर फोर्ट. तरी मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्र उतरलो तेव्हा फोर्ट बघायचा होता एकट्या मला. “दरवाजे का पायतेस बे? वाघ पाहाले चाल.” गेलो ताडोबाला. वाघ दिसला नाही, त्याबद्दल वाघाला दोष नाही.

त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर एका मित्राच्या भावाचा बॉस्टनचा व्हिडिओ आला. रस्त्यावर लाल रेघ, तिच्यावरून चालत जायचं. 4 किलोमीटरात 16 ठिकाणं: चर्च, कब्रस्तान, सभागृहं. खाली सगळ्यांचे बदाम. “काय हिस्ट्री आहे यार!” मला हसू आलं, मग राग. बॉस्टन वसलं 1630 मध्ये. चांद्याचा परकोट त्याच्याही आधीचा. आणि ती वाट काही पुराणकालीन नाही, 1951 मध्ये एका पत्रकाराच्या डोक्यातून निघाली. लोकांनी आपलं शहर पायी बघावं, एवढंच त्याला वाटलं होतं.

आपल्याला तसं का वाटत नाही? परकोटाजवळ कचरा असतो, झुडपं असतात, हे खरं. पण 2017 पासून इको-प्रोच्या पोरांनी तीच झुडपं हातानं काढली, तेव्हा ती सबब आता फार चालणार नाही. माझ्या मते कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला जरा लाज वाटते. हे शहर गोंडांनी बांधलं. आपल्या डोक्यात आदिवासी म्हणजे जंगल, मोहफूल, ढेमसा नृत्य. आदिवासी म्हणजे तटबंदी, पाणीपुरवठा, राजधानी हे चित्र डोक्यात बसतच नाही. म्हणून ‘गोंडांचा’ म्हटलं की आपण सफारीची जीप शोधतो.

खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट आपल्याला ठाऊक असते: झरपटच्या पाण्यानं अंगावरचे फोड बरे झाले, ससा उलटा कुत्र्याच्या मागं लागला. मजेशीर गोष्ट आहे. पण ससा भिंत बांधत नाही. भिंत बांधायला दगडाच्या खाणी लागतात, कारागीर लागतात, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोसणारा महसूल लागतो. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आजही मोजता येतात. दरवाजावर हत्तीवर झेपावलेला सिंह कोरलाय. आपण जटपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्याच खाली हॉर्न वाजवत उभे असतो.

अंचलेश्वराजवळ बीरशहाची समाधी आहे. ती राणी हिराईनं नवऱ्यासाठी बांधली. बादशहानं बायकोसाठी बांधलेली इमारत बघायला आग्र्याला आपण रिझर्व्हेशन करून जातो. इथं ऑटो लागतो, तोही शेअरिंगचा. चैत्रात मराठवाड्यातून माणसं महाकालीला येतात, ते मंदिरही हिराईशी जोडलेलं. त्या यात्रेकरूंना आपल्यापेक्षा या शहराची जास्त ओढ आहे, असं मला दरवर्षी वाटतं.

आणि तुरुंग. 21 ऑक्टोबर 1858 ला इथं बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली. वय 25, म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांएवढंच. बॉस्टनच्या वाटेवर स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसाचं घर येतं तेव्हा लोक थांबून पाटी वाचतात. तिथंही त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना त्या रेघेत फारशी जागा मिळालेली नाही, हे मात्र व्हिडिओत नव्हतं. आपल्याकडं तर मूळ रहिवाशांनीच शहर बांधलंय, तरी आपण वळसा घालून निघून जातो.

सफारीमुळं गाइडला, जिप्सीवाल्याला रोजगार मिळतो, मान्य. माझा सफारीला विरोध नाही. पण त्याच दिवशी संध्याकाळी परकोटावरून तासभर चालायला काय हरकत आहे? त्याला बुकिंग लागत नाही, आणि परकोट हटकून दिसतो.

मी ग्रुपवर पोल टाकलाय: येत्या रविवारी, सकाळची गाडी, चांदा फोर्ट, पायी. आतापर्यंत हो म्हणणारे दोन. त्यातला एक मी.