रुग्णवाहिकेत आपल्या मुली कधी?

बारावीचे निकाल लागले की कर्जत-खोपोलीकडे पॅरामेडिकल कोर्सची पत्रकं वाटली जातात. त्यात हल्ली एक नाव असतं, ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’, म्हणजे ईएमटी. बारावी पास, सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी. बचत गटातल्या बायका विचारतात, “ताई, पोरीला घालू का?” मी पटकन हो म्हणत नाही. काम मोलाचं आहे, पण फी भरण्याआधी पुढे नोकरी आहे का, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

ईएमटी म्हणजे रुग्णवाहिकेत पेशंटजवळ बसणारी प्रशिक्षित व्यक्ती. ती डॉक्टर नसते, पण नुसती मदतनीसही नसते. श्वास चालू आहे का, रक्त कुठून जातंय, हे आधी बघायचं. अपघातातल्या माणसाची मान सांभाळूनच त्याला हलवायचं. हृदय बंद पडलं तर मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने छाती दाबत राहायचं, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. वाटेतच बाळंतपण झालं तर बाळ कोरडं करून आईच्या अंगाशी द्यायचं. दवाखान्यात पोचल्यावर काय झालं, किती वाजता झालं, आपण काय केलं, ते डॉक्टरांना नेमकं सांगायचं. खमक्या मुलीला हे सगळं शिकता येतं.

आणि आपल्या दोन तालुक्यांइतकी याची गरज कुणाला असेल? १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात शिंग्रोबा मंदिराजवळ ढोलपथकाची बस दरीत कोसळली, १३ जण गेले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये माडप बोगद्याजवळ विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा तासभर मदत मिळाली नाही असं त्यांच्या चालकाने सांगितलं होतं. पुढाऱ्याची ही गत, मग आपली काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वर गाडी जातच नव्हती, रुग्णवाहिका पायथ्याशीच थांबल्या. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढताना हृदयविकाराने गेले. अशा वेळी आधी पोचतात ती इथलीच माणसं, खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारखे गट, शेजारच्या वाडीतली पोरं. ठाकूरवाड्या-कातकरीवाड्यांत तर दुखणेकऱ्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणणारेच त्याचे पहिले डॉक्टर!

मग आपल्या मुली या कामात का दिसत नाहीत? कारण महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तेव्हाच गाडीत चालकासोबत डॉक्टर बसवायचं ठरलं. बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथीचे. डॉक्टर मिळतो यात वाईट काही नाही. पण त्यामुळे बारावी झालेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या मुलीसाठी सरकारी गाडीत जागाच उरली नाही. हैदराबादला २००५ मध्ये १०८ सुरू झाली ती ईएमटींच्या भरवशावर, आणि २००७ मध्ये गुजरातनेही तोच मार्ग धरला. तिथे मुली या कामावर आहेत, धावत्या गाडीत बाळंतपणं करतात.

कुणी म्हणेल, गावातल्या पोरींना हे झेपणार का? अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९६७ मध्ये ‘फ्रीडम हाऊस’ नावाची रुग्णवाहिका सेवा निघाली. वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीयांना डॉ. पीटर साफर यांनी शिकवलं. सीपीआरची पद्धत घडवणाऱ्यांपैकी हे एक, आणि आदल्याच वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. ज्यांना कुणी कामावर घेत नव्हतं, त्यांनी देशाला पॅरामेडिकचं काम दाखवून दिलं.

आणखी एक गोष्ट आपण बायकांनीच बोलायला हवी. केरळमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये करोना झालेल्या एका मुलीवर रुग्णवाहिकेच्या चालकानेच अत्याचार केला. गाडीत तिसरं कुणी नव्हतं. २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. रात्री दोनला एकटी बाई गाडीत घालायची वेळ आली, तर तिच्याजवळ शिकलेली बाई बसलेली असावी, ही काही चैनीची मागणी नाही.

पण तोवर पोरीच्या फीचे पैसे कुठे घालायचे? केंद्राने २०२१ मध्ये पॅरामेडिकल व्यवसायांसाठी कायदा केला. यादीत आपत्कालीन सेवेतला पॅरामेडिकही आहे. पण कायद्याने मानलेला व्यावसायिक व्हायला पदविका किंवा पदवी लागते, किमान दोन हजार तासांची, निदान दोन वर्षांत विभागलेली. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट त्यात कुठे बसणार? खासगी रुग्णालयात किंवा कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत त्यावर काम मिळेलही, खालापुरात कारखाने आहेतच. पण ‘सरकारी नोकरी पक्की’ असं कुणी सांगितलं तर जाहिरात दाखवा म्हणावं.

पत्रक घेऊन याल तेव्हा मी तीनच प्रश्न विचारते. पदविका की नुसतं प्रमाणपत्र, आणि देतंय कोण? गेल्या वर्षी शिकलेल्या मुली आज कुठे कामाला आहेत, त्यांच्याशी बोलणं करून देता का? आणि प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर, अपघात विभागात किती तास उभं करणार? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस बाहुलीवरच्या सीपीआरबद्दल बोलू लागला, तर पैसे पर्समध्येच ठेवा.