'खुळा म्हातारा' की सोयीचा बळी? : नाखोदच्या सिंहाची गोष्ट

फ्रान्स-प्रशिया युद्धावरील जवळपास प्रत्येक लोकप्रिय कथनात एक ठरलेले पात्र असते. मोल्टके हा शांत, विद्वान, अचूक. आणि त्याच्या सुंदर योजनेत आडवातिडवा घुसणारा, हट्टी, त्र्याहत्तर वर्षांचा सेनापती कार्ल फ्रीडरिश फॉन श्टाइनमेट्स. ग्राव्हलोतच्या रक्तपाताचे खापर या म्हाताऱ्याच्या माथी फोडले की बाकीचे सारे स्वच्छ राहतात. ही मांडणी आकर्षक आहे आणि अर्धवट आहे. ती कोठे लंगडी पडते, ते या धाग्यात.

जन्म २७ डिसेंबर १७९६, आयझेनाख. नेपोलियनच्या फौजांनी देश दाबून टाकलेला असताना पॉमेरेनियातील श्टोल्प येथे कॅडेट म्हणून शिक्षण. १८१३ मध्ये मुक्तियुद्ध पेटले तेव्हा हा मुलगा सोळा वर्षांचा होता. थोरला भाऊ लाइपझिगच्या लढाईत मारला गेला. हा जखमा आणि आयर्न क्रॉस घेऊन पॅरिसपर्यंत पोहोचला. 'शत्रू दिसला की तुटून पडावे' हा धडा त्याने पुस्तकातून घेतलेला नव्हता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पुढची पन्नास वर्षे बहुतांशी शांततेतील कवायतीची. त्यांवर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही.

मग १८६६. ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात पाचवी कोअर त्याच्या हाती होती आणि बोहेमियाच्या अरुंद खिंडींतून तिला बाहेर पडायचे होते. २७ जूनला नाखोद, २८ ला स्कालित्स, २९ ला श्वाइनशेडेल. तीन दिवसांत तीन लढाया, समोर दर वेळी वेगळी ऑस्ट्रियन कोअर आणि तिन्ही वेळा विजय. त्याच २७ जूनला शेजारच्या खिंडीतून निघालेली बोनिनची पहिली कोअर ट्राउटेनाऊला मार खाऊन मागे फिरली होती, यावरून श्टाइनमेट्सच्या कामगिरीचे मोल कळते. नाखोदला प्रशियाची हानी सुमारे १,१००. ऑस्ट्रियाची साडेपाच हजारांच्या वर. राजाने 'ब्लॅक ईगल' हा सर्वोच्च किताब दिला. लोक त्याला 'नाखोदचा सिंह' म्हणू लागले.

या आकड्यांमागे एक हत्यार होते. प्रशियाच्या शिपायाकडे ड्राइझची सुई-बंदूक होती. तीत काडतूस मागून भरता येई, आडवे पडूनही भरता येई. ऑस्ट्रियन शिपाई ठासणीची बंदूक घेऊन, दाटीवाटीच्या रांगांनी, संगिनी रोखून चालून येत होता. धाडसी सेनापतीला अशा परिस्थितीत धाडस स्वस्तात पडते. वरच्या अधिकाऱ्यांनी हे त्याला सांगितले का? छे! त्यांनी त्याला पदक दिले आणि १८७० मध्ये अख्खी पहिली सेना त्याच्या हवाली केली.

समोर आता फ्रेंच शिपाई होता, खांद्यावर शास्पो रायफल घेऊन. तिचा पल्ला सुई-बंदुकीच्या जवळपास दुप्पट. चार वर्षांत पारडे पूर्ण फिरले होते.

६ ऑगस्टची श्पिशेरेनची लढाई त्याच्या नावावर हमखास टाकली जाते. श्टाइनमेट्सने आपली सेना दुसऱ्या सेनेसाठी राखलेल्या रस्त्यांवर नेली, वरिष्ठांच्या आज्ञेला जुमानले नाही, हे खरे आहे आणि अक्षम्यही आहे. पण टेकडीवर पहिला हल्ला चढवला तो चौदाव्या डिव्हिजनचा जनरल कामेके याने, स्वतःच्या निर्णयाने. जर्मन हानी पावणेपाच हजारांच्या वर गेली, पण लढाई जिंकली. हाच कामेके १८७३ मध्ये प्रशियाचा युद्धमंत्री झाला.

आता १८ ऑगस्ट, ग्राव्हलोत. गावापुढे एक खोल, झाडीने भरलेली घळ. ती ओलांडायला एकच उघडा रस्ता. पलीकडच्या चढावर खंदकांत बसलेले फ्रेंच. दुपारी सांत-ह्युबेरचे शेतघर पडले तेव्हा शत्रू मोडला अशी श्टाइनमेट्सची समजूत झाली आणि त्याने त्या एकाच रस्त्यावरून तोफा आणि घोडदळाची डिव्हिजन पुढे लोटली. परिणाम भयंकर झाला. घोडी, तोफगाड्या, जखमी, सारे एकमेकांत अडकले. या आज्ञेचे समर्थन करता येत नाही आणि करूही नये.

परंतु दिवस तेथे संपला नाही. संध्याकाळी दिवसभर चालून दमलेली फ्रान्सेकीची दुसरी कोअर त्याच घळीत उतरवण्यात आली. अंधारात या ताज्या तुकड्यांनी सांत-ह्युबेरपाशी आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या. ही परवानगी खुद्द राजा विल्हेल्मने दिली होती आणि मोल्टके तेथे हजर होता. एवढ्या उशिरा ही चाल होऊ द्यायला नको होती, ती रोखणे जागेवर असलेल्या स्टाफप्रमुखाचे काम होते, असे मोल्टकेने पुढे आपल्या युद्धेतिहासात स्वतःच नमूद केले. 'मोल्टके विरुद्ध मूर्ख' असे चित्र रंगवणाऱ्यांनी निदान मोल्टकेचे तरी वाचावे!

रणांगणाच्या दुसऱ्या टोकाला, सां-प्रिव्हाच्या उघड्या उतारावर, वुर्टेम्बर्गच्या प्रिन्स ऑगस्टने प्रशियन गार्ड सरळ पुढे घातली. सॅक्सन कोअर वळसा घालून शत्रूच्या बगलेवर येत होती; थोडे थांबणे पुरेसे होते. तो थांबला नाही. काही तासांत गार्डची सुमारे आठ हजार माणसे पडली. त्या दिवशीची एकूण जर्मन हानी वीस हजारांच्या घरातली. म्हणजे मोठा वाटा या एका उतारावरचा. प्रिन्स ऑगस्टला काय शिक्षा झाली? गार्ड कोअर १८८२ पर्यंत त्याच्याच ताब्यात राहिली. त्याचा वरिष्ठ, दुसऱ्या सेनेचा प्रमुख फ्रीडरिश कार्ल, राजाचा पुतण्या. मेट्स शरण आल्यावर ऑक्टोबरात तो फील्डमार्शल झाला.

आणि श्टाइनमेट्स? मेट्सच्या वेढ्यात त्याला याच पुतण्याच्या हाताखाली ठेवले. दोघांचे पटणे शक्यच नव्हते. सप्टेंबरात त्याला आघाडीवरून काढून पोझेनला गव्हर्नर-जनरल म्हणून पाठवले. सिंहासाठी सुरेखसा पिंजरा. तो राजघराण्यातला नव्हता, दरबारात त्याचे मित्र नव्हते आणि तोंड फटकळ होते. त्याचा अपराध खरा होता. मात्र तोच अपराध करणारे इतर जण त्याच आठवड्यात सुटले, आणि ते का सुटले याचे उत्तर रणनीतीच्या पुस्तकात सापडत नाही.

युद्ध जिंकल्यावर, एप्रिल १८७१ मध्ये, त्यालाही फील्डमार्शल करण्यात आले. ऑगस्ट १८७७ मध्ये सायलेसियातील लांडेक येथे तो वारला. मेट्स जर्मनांच्या हाती आल्यावर तेथील किल्ल्यांची नावे बदलली गेली: एकाला कामेकेचे, एकाला वुर्टेम्बर्गच्या ऑगस्टचे, एकाला फ्रीडरिश कार्लचे. आणि बेलक्रोआच्या किल्ल्याला श्टाइनमेट्सचे.