सल्ला पत्त्यासकट पुढें जावा

कृषि विभाग, परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ इत्यादि संस्था शेतकऱ्यांस उपयुक्त माहिती इंटरनेटवर प्रसिद्ध करितात. अशा प्रत्येक पानावर तें व्हॉट्सॲपवरून पुढें पाठविण्याचें बटन असावें काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु जालना जिल्ह्यांतील कापूस पिकविणारांस तो तसा नाहीं, असें आमचें मत आहे.

गुलाबी बोंडअळीचेंच उदाहरण घ्या. २०१७ सालीं या किडीनें महाराष्ट्रांतील कपाशीची केलेली नासाडी आमचे वाचक विसरले नसतील. तिच्याविषयीं मान्य सल्ला असा कीं, कामगंध सापळे लावावे, आणि दर सापळ्यांत रोज ८ पतंग याप्रमाणें सलग ३ रात्री सांपडल्यास फवारणी करावी. आतां हा मजकूर एकानें उतरून घेतला, दुसऱ्यानें त्याचें छायाचित्र कापून पाठविलें, आणि ‘सलग ३ रात्री’ हे शब्द वाटेंत गळाले, तर एका रात्रीचे पतंग मोजूनच शेतकरी औषध फवारील. पैसा जाईल, मित्रकीटक मरतील, आणि जाब विचारावयास पत्ताही उरणार नाहीं.

बटनानें नक्कल न जातां मूळ पानाचा दुवा जातो. तो उघडणारास सल्ला देणारी संस्था दिसते. मागाहून दुरुस्ती झाल्यास तीही दिसते.

कोणी म्हणतील, अफवाही याच मार्गानें पसरतात. खरें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत राईनपाडा येथें मुलें पळविणाऱ्यांच्या अफवेवरून जमावानें ५ निरपराध माणसें मारलीं. परंतु अफवेस पत्ता नसतो, म्हणूनच सल्ल्यास तो असला पाहिजे.

मात्र दोन गोष्टी अवश्य व्हाव्या. पानावर तारीख व हंगाम ठळक छापावा. नाहीं तर गतवर्षाचा सल्ला यंदाचा म्हणून फिरेल. दुसरें, फेसबुकसारख्या कंपनीनें पुरविलेलें बटन पानांत बसविल्यास, तें न दाबतांही कोणी काय वाचलें हें त्या कंपनीस कळूं शकतें; म्हणून संस्थांनीं साधा दुवाच द्यावा.

आमच्या बंधूंसही एक विनंति आहे. दुवा नसलेला सल्ला पुढें पाठवूं नये. शंका आल्यास खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रास विचारावें. बियाणें घेतांना आपण पिशवीवरील चिठ्ठी वाचतों. सल्ला घेतांनाही तीच दक्षता ठेवावी.