पॅनलवरचा वकील कुणाचा?

बँकेकडून आडगावच्या एका प्लॉटची फाईल तपासायला आली. इंडेक्स-२ स्वच्छ, सातबाराही नीटनेटका. जुने फेरफार चाळले तेव्हा कूळकायद्याच्या कलम ४३ची नोंद निघाली. विक्रीच्या परवानगीचा कागद कुठेच नाही. सर्च रिपोर्टात तसं लिहिलं. लगेच शाखेतून फोन, "वकीलसाहेब, जरा मोकळं करा ना!"

बँकेच्या पॅनलवर जायला सनद आणि अनुभव लागतो. टिकायला मात्र शाखेची मर्जी. दोन फाईली अडवल्या की तिसरी दुसऱ्याकडे. कर्ज बुडालं की बोट वकिलाकडेच. निव्वळ चुकीच्या अभिप्रायावरून वकिलाला कटात ओढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये नारायण राव प्रकरणात म्हटलं, तेवढाच काय तो आधार. शाखेची ही मर्जी संपवायची तर फाईली शाखेने नव्हे, विभागीय कार्यालयाने पाळीने वाटाव्यात. आणि सर्चची फी कर्जदाराकडून घेता, तर रिपोर्टची प्रतही त्याला द्या.