उपगूहन झालं, स्थितिकरणाचं काय?



आज थोडं कडू लिहिणार आहे. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या समाजात एखाद्या घरावर संकट आलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "बाहेर बोलू नका, घराण्याचं नाव आहे." दुसरं, "कर्माचा उदय आहे, शांतपणे भोगायचं." तिसरं वाक्य मात्र फार क्वचित ऐकू येतं. ते असं : "चल, मी येते तुझ्याबरोबर."

पहिल्या वाक्याला आपण धर्माचा आधार देतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे ना, म्हणून झाकायचं! नवरा मारतो, झाका. मुलगा दारूच्या आहारी गेला, झाका. सुनेला रात्र रात्र झोप नाही, ती भिंतीकडे बघत बसते, तेही झाका. आता समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात उपगूहनासाठी कोणाचं नाव आहे ते आठवा. जिनेंद्रभक्त शेठ. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेल्या चोराने त्यांच्या चैत्यालयातलं रत्न पळवलं. तो पकडला गेला तेव्हा शेठ लोकांना म्हणाले, रत्न मीच आणायला सांगितलं होतं. धर्माची निंदा होऊ नये म्हणून त्यांनी चारचौघांत झाकलं. पण नंतर एकांतात त्याला खडसावलं आणि घालवून दिलं. चोरी चालू ठेवायला त्यांनी मदत केली नाही. आपण नेमकं तेच करतो. मार चालू राहतो, कर्ज वाढत राहतं, आणि आपण वरून पदर ओढतो. याला उपगूहन म्हणू नका.

शिवाय उपगूहनाच्या लगेच पुढचं अंग आहे स्थितिकरण. डळमळणाऱ्याला स्थिर करणं. तिथे वारिषेण मुनींची कथा आहे. त्यांचा मित्र पुष्पडाल मुनी झाला, पण त्याचं मन घरी सोडलेल्या बायकोतच अडकलेलं. वारिषेणांनी त्याला "तुझं कर्म" म्हणून सोडून दिलं नाही. ते त्याला स्वतः बरोबर घेऊन गेले, आपलं राजवैभव दाखवलं आणि त्याचं मन ताळ्यावर आणलं. बरोबर जाणं, हे त्या कथेतलं काम आहे. आपण पाठशाळेत आठ अंगं पाठ म्हणतो आणि आयुष्यात एकावरच थांबतो.

आता कर्माच्या उदयाचं. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो की नाही? तेव्हा असाता वेदनीय आडवं येत नाही. चार दानांत औषधदान आहे, अभयदान आहे. दुसऱ्याचं दुःख हलकं करणं धर्माविरुद्ध असतं तर ही दानं सांगितलीच नसती. रक्षाबंधनाला आपण विष्णुकुमार मुनींचं स्मरण करतो. सातशे मुनींवरचा उपसर्ग दूर करण्यासाठी त्यांनी स्वतःची साधना बाजूला ठेवली. "त्यांच्या कर्माचा उदय आहे" असं म्हणून ते ध्यानात बसून राहिले असते तर आज आपण राखी बांधली नसती. कर्मसिद्धांत आपल्या स्वतःच्या दुःखात समता ठेवण्यासाठी आहे. शेजारणीच्या दुःखात हात झटकण्यासाठी नाही.

तिसरी सबब तर फारच आवडती : "आपला समाज श्रीमंत आहे, आपल्यात कुठे असं?" २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४४.५ लाख जैन, त्यातले १४ लाख आपल्या महाराष्ट्रात. हे सगळे काय शेठ आहेत? सांगली-कोल्हापूरकडचे आपले किती लोक दोन-तीन एकर शेतीवर आणि दुधाच्या बिलावर घर चालवतात, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुकान बुडालेले, नोकरी गेलेले, मुलं परदेशात आणि स्वतः एकटे राहिलेले म्हातारे, सगळे आपल्यातच आहेत. फक्त इस्त्रीची साडी नेसून मंदिरात येतात, म्हणून दिसत नाहीत.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी नवऱ्याच्या उपचारासाठी आधी पाटल्या मोडल्या, मग गंठण. नवरा गेल्यावर कुणीतरी सांगितलं की ते उपचार सरकारी योजनेत बसत होते. मंदिरातल्या फलकावर त्या गृहस्थांचं नाव दात्यांच्या यादीत कोरलेलं आहे. त्यांच्या आजारपणात मात्र मंडळातल्या एकाही माणसाने "रेशनकार्ड घेऊन योजनेच्या खिडकीवर जा" एवढं सांगितलं नाही. माहीतच नव्हतं, हे उत्तर मिळालं. माहीत करून घेणं कोणाचं काम होतं?

मी बी.कॉम. आहे, जमाखर्चाच्या पानावर माझी नजर आपोआप जाते. आमच्या भागातल्या एका ट्रस्टच्या अहवालात अभिषेकाच्या सवालाचा आकडा आहे, मिरवणुकीचा आहे, जेवणावळींचा आहे. साधर्मी साहाय्य या खात्यापुढे रेघ आहे. पूजा नको असं मी म्हणत नाही, रोज करते. पण ती रेघ मला सहन होत नाही.

आणि कृपा करून "आपले हात देणारे, घेणारे नव्हेत" हे ऐकवू नका. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हापासून मुलांच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला आपण तो दाखला काढतोच. ठिबकचं अनुदान घेतो. तिथे मान खाली जात नाही. मग निराधार बाईने अनुदानाचा अर्ज केला तर कोणाची नाचक्की होते?

रागावून झालं, आता कामाचं. ही दारं आहेत. वहीत लिहून ठेवा.

घरात मारहाण, छळ असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन दिवसरात्र चालते. जीवावर बेतलं असेल तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांना शेजारणीनेही कळवलं तरी चालतं, आणि चांगल्या हेतूने कळवणारीवर काही बालंट येत नाही. या कायद्यात बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. पोलिसांच्या नावाने घाबरणाऱ्यांसाठी सांगते : १९८४ पासून मुंबईत पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, आणि आता तो राज्यात ठिकठिकाणी आहे. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात, आधी ऐकून घेतात.

वकिलाची फी परवडत नाही? विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं, फोन १५१००. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मन खचलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेली मानस, १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे आणि श्रद्धेची कमतरता तर मुळीच नव्हे.

म्हाताऱ्यांसाठी १४५६७. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, वकील लागत नाही. आणि बायांनो, मुलाच्या नावे बक्षीसपत्र करणार असाल तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्या. अट लिहिलेली असेल तर ती मोडल्यावर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. मुलांच्या संकटासाठी १०९८.

आजारपणासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ठरावीक उपचार, ठरावीक रुग्णालयं, म्हणून दागिने मोडण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवा अधिकाऱ्यांना विचारा. विधवा, परित्यक्ता, निराधार यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, दरमहा १,५०० रुपये. उत्पन्नाची अट कडक आहे, अर्ज तहसील कार्यालयात.

ही दारं उघडी असली तरी एकटी बाई तिथवर पोहोचत नाही. दाखले लागतात, रांगा लागतात, "उद्या या" ऐकावं लागतं. म्हणून बरोबर जाणारी हवी. शंभर वर्षांपूर्वी मगनबाईंनी, स्वतः तरुण वयात वैधव्य आलेलं असताना, मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पंडिता सुमतीबाई शहांनी कितीतरी मुलींना शिकवून पायांवर उभं केलं. त्या काळी हेल्पलाइन नव्हती, योजना नव्हती. आपल्याला सगळं तयार मिळालंय आणि आपण भिशीत बसून "बिचारी" म्हणतो.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. एक, वरचे नंबर प्रत्येक मंदिराच्या फलकावर, पंचांगाच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लागले पाहिजेत. दोन, प्रत्येक महिला मंडळाने दोघींची नावं ठरवावी, ज्या कचेरीत आणि दवाखान्यात बरोबर जातील आणि ऐकलेलं पोटात ठेवतील. हेच खरं उपगूहन. तीन, दशलक्षणातल्या एका दिवसाच्या सवालाची रक्कम साधर्मी साहाय्याच्या खात्यात जावी, घेणाऱ्याचं नाव कुठेही न छापता.

विश्वस्त नाही म्हणाले तर त्यांच्याकडे मागचा अहवाल मागा आणि ती रेघ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. एकटीने नको, दहाजणी मिळून जा.