मापाऱ्याचे माप कोणी तपासावे?

जाधववाडीच्या मोंढ्यात धान्य मोजणारा मापारी आपल्या काट्यावर आपणच शिक्का मारीत नाही. गुलमंडीवरील दुकानदाराचे वजन खरे की खोटे, हेही तो दुकानदार ठरवीत नाही. त्यासाठी वैधमापन निरीक्षक नेमलेला आहे, आणि माप खोटे निघाल्यास दंडही आहे. व्यापारातील ह्या नियमात कोणा सुज्ञास अन्याय दिसत नाही. मग हे नियम करण्यासाठी ज्यांस आम्ही निवडून पाठवितो, त्यांनी आपल्या उत्तरायुष्याची बेगमी मात्र आपल्याच काट्यावर तोलून घ्यावी, हा कोठला न्याय?

माजी आमदारांस निवृत्तिवेतन देणारा महाराष्ट्राचा कायदा १९७६ सालचा. ऑगस्ट २०१६ मध्ये विधिमंडळाने ही रक्कम दरमहा ४० हजार रुपयांवरून ५० हजारांवर नेली. पाचांहून अधिक वर्षे सदस्यत्व लाभले असल्यास प्रत्येक जादा वर्षामागे २ हजारांची भर निराळी. हे विधेयक चर्चेवाचून संमत झाले. एरवी एका शब्दावरून सभागृह डोक्यावर घेणारे पक्ष त्या दिवशी सख्ख्या भावांप्रमाणे वागले! दिल्लीची रीतही वेगळी नाही. संसद सदस्यांच्या निवृत्तिवेतनास आरंभी किमान मुदतीची अट होती; २००४ सालच्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. आता कितीही अल्प काळ सदस्य राहिलेला गृहस्थ पात्र ठरतो, आणि त्यास दुसरे निवृत्तिवेतन मिळत असले तरी हेही मिळते. एप्रिल २०२३ पासून ही मूळ रक्कम दरमहा ३१ हजार रुपये आहे.

आता हाच कायदा इतरांस कोणत्या मापाने मोजतो ते पाहा. वाळूजच्या कारखान्यात राबणाऱ्या कामगारास १९९५ सालच्या योजनेखाली निवृत्तिवेतन हवे असेल, तर दहा वर्षांची सेवा भरावी लागते. आणि त्याची किमान रक्कम २०१४ साली ठरली ती दरमहा एक हजार रुपये! १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्या नोकरांकरिता राज्य सरकारने जुनी योजना बंद केली. ती परत मागण्यासाठी मार्च २०२३ मध्ये त्यांस संप करावा लागला, तेव्हा तिजोरीवरील भाराचा हिशेब त्यांस ऐकविण्यात आला. फार काय, ज्या मराठवाड्याने १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस पाहण्यासाठी निजामी राजवटीचे तुरुंग भोगले, त्या स्वातंत्र्यसैनिकांसही केंद्राच्या सन्मान योजनेत सामान्यतः सहा महिन्यांच्या कारावासाचा किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा द्यावा लागे. तुरुंगवासाला मुदतीची अट, आणि सभागृहातील आसनाला मात्र नाही!

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो अगदीच पोकळ नाही. लोकसेवकास वेतन नसेल तर राज्य श्रीमंतांच्याच हाती राहील, असे इंग्लंडातील चार्टिस्टांनी १८३८ सालीच सांगितले होते; तेथील पार्लमेंटच्या सभासदांस १९११ साली वार्षिक ४०० पौंड मिळू लागले ते ह्याच न्यायाने. आमच्याकडेही सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेले कै. गणपतराव देशमुख ह्यांच्यासारखे साधे लोक होऊन गेले. अशा सेवकास उतारवयात कोणापुढे हात पसरावा लागू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सध्याचा नियम गरजू आणि गडगंज असा भेदच करीत नाही. गरिबाची ढाल पुढे करून धनिकाने तिच्याआड उभे राहावे, ह्यास लोकसेवा म्हणत नाहीत.

एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्धची याचिका फेटाळली व तो विषय संसदेचा ठरविला. ठीक आहे, परंतु जे कायदेशीर ते सर्व शोभणारे असतेच असे नाही. न्यायालयाने जे सोडले ते लोकमताने धरावे. पंजाबने २०२२ साली कायदा करून, कितीही वेळा निवडून आला तरी माजी आमदारास एकच ठरावीक निवृत्तिवेतन, असा नियम घातला. गुजरातेत तर माजी आमदारांस ते मिळतच नाही. म्हणून तेथे उमेदवारांचा दुष्काळ पडल्याचे ऐकिवात नाही. इंग्लंडात सभासदांच्या वेतनातून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते, आणि वेतन ठरविण्याचे काम २००९ च्या कायद्याने निर्माण झालेल्या स्वतंत्र मंडळाकडे आहे.

तेव्हा आमची मागणी बेताची आहे. निवृत्तिवेतनास किमान एक पूर्ण मुदतीची अट असावी; ते साठीनंतरच सुरू व्हावे; ज्याचे उत्पन्न पुरेसे आहे त्यास ते मिळू नये; एका माणसास सार्वजनिक तिजोरीतून एकच निवृत्तिवेतन असावे; आणि हे सर्व ठरविणाऱ्या मंडळात आजी अथवा माजी आमदार एकही नसावा. श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी म्हाताऱ्या माणसाकडून उत्पन्नाचा दाखला मागताना सरकारचा हात अडखळत नाही. मग तोच दाखला माजी आमदाराकडून मागण्यात संकोच कसला?

पुढील निवडणुकीस मते मागावयास येणारा प्रत्येक उमेदवार दुकानाच्या पायरीशी हात जोडून उभा राहील. त्यास इतकेच विचारावे की, आमच्या काट्यावर सरकारचा शिक्का आहे. आपल्या काट्यावर कोणाचा?