फुकटच्या गोदामाची किल्ली कोणाकडे?

'मोफत' या शब्दाइतका फसवा शब्द बाजारात दुसरा नाही. दुकानदार एकावर एक फुकट देतो तेव्हा दोन्हींची किंमत पहिल्यातच धरलेली असते, हे आमच्या आयाबहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हातातल्या मोबाइलवर 'आपण पात्र आहात' असा संदेश झळकला की चांगले शिकलेसवरलेले लोकही हरखून जातात. पात्र कोण, हे कोणी ठरवले, आणि ही पात्रता संपली म्हणजे काय होणार, हे कोणी विचारत नाही. आम्ही ते आज विचारणार आहोत, कारण हा प्रश्न हौसेच्या यंत्राचा राहिलेला नाही. लेकराबाळांचे फोटो, गेलेल्या माणसाचा आवाज, जातीचा दाखला, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती, हे सारे आता पत्र्याच्या पेटीतून फोनमध्ये आणि फोनमधून 'क्लाउड'मध्ये गेले आहे. क्लाउड म्हणजे ढग असे शाळेत शिकलो. व्यवहारात क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे गोदाम.

पात्रतेचा खेळ जुना आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपल कंपनीने पेजेस, नंबर्स, कीनोट, आयफोटो आणि आयमूव्ही ही आपली ॲप्स मोफत केल्याचे जाहीर केले. मोफत कोणाला? तर १ सप्टेंबर २०१३ पासून पुढे नवे यंत्र घेणाऱ्याला. ज्याच्याकडे आधीचा आयफोन होता, त्याने मात्र ती विकतच घ्यायची. म्हणजे ज्याने नुकतेच हजारो रुपये मोजले त्याला फुकट, आणि जुन्यावर भागवणाऱ्याला पैसे! सर्वांसाठी ही ॲप्स मोफत व्हायला एप्रिल २०१७ उजाडावे लागले. मायक्रोसॉफ्टने वेगळेच माप काढले. वर्ड, एक्सेलमध्ये फुकट लिहिता यावे की नाही, हे पडद्याच्या लांबीवर ठरले. १०.१ इंचापर्यंत फुकट, त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी. शिंप्याच्या टेपने गिऱ्हाइकाची ऐपत मोजण्याचा हा प्रकार आहे.

परंतु ॲपचे एक वेळ सोडून देऊ. ॲप गेले तर दुसरे मिळते. साठवलेल्या वस्तूचे तसे नाही.

गूगलने १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू केले तेव्हा १ जीबी जागा फुकट दिली आणि जग चकित झाले. मे २०१३ मध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी असे ठरले. मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आले आणि सांगितले गेले की ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवा, मोजणार नाही. लोकांनी विश्वास ठेवला. सहा वर्षे लोकांच्या लग्नांचे, बारशांचे, मिरवणुकांचे फोटो तिथे जमा होत राहिले. १ जून २०२१ पासून ही सवलत बंद झाली. त्याआधीचे फोटो मोजत नाहीत हे खरे, पण त्यानंतरचा प्रत्येक फोटो १५ जीबीत धरला जातो. यातही पात्रतेची मेख आहेच. ज्यांच्याकडे गूगलचा स्वतःचा पिक्सेल ५ किंवा त्याआधीचा पिक्सेल होता, त्यांना त्या फोनवरून सवलत पुढे चालू राहिली. पुढे व्हॉट्सॲपची पाळी आली. २०१८ पासून अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या हिशेबात धरला जात नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये घोषणा झाली आणि २०२४ मध्ये तोही त्याच १५ जीबीत आला. सकाळच्या 'शुभ प्रभात'चे गुलाबही आता जागा खातात!

एकट्या गूगलला दोष देऊन चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हची फुकट जागा १५ वरून ५ जीबीवर आणण्याचे २०१५ मध्ये ठरवले. ओरड झाल्यावर ज्यांनी जानेवारी २०१६ अखेर स्वतःहून मागणी नोंदवली त्यांची जुनी जागा राहिली. बाकीच्यांची गेली. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टीबी, म्हणजे हजार जीबी देऊ केली. २०१८ मध्ये मालक बदलला आणि मर्यादा आली एक हजार फोटोंची. ॲपलचे आयक्लाउड २०११ मध्ये ५ जीबी फुकट देत होते. तेव्हा आयफोनमध्ये सर्वांत जास्त जागा ६४ जीबीची होती. फोन टीबीपर्यंत पोहोचले, फोटो आणि व्हिडिओ कितीतरी जड झाले, फुकटची जागा ५ जीबीच राहिली. आणि ती दर यंत्रामागे नाही, दर खात्यामागे आहे. आयफोन आणि आयपॅड दोन्ही घेतले तरी ५ जीबीच. ब्रिटनमध्ये 'विच?' या ग्राहक संघटनेने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच आयक्लाउडवरून ॲपलविरुद्ध सुमारे चार कोटी ग्राहकांच्या वतीने दावा दाखल केला. आमच्याकडच्या ग्राहक संघटना अजून गॅस सिलिंडरच्या वजनातून वर आलेल्या नाहीत. ते कामही महत्त्वाचेच, पण मापात पाप आता इथेही होते.

जागा भरली म्हणजे काय होते? गूगलच्या बाबतीत नवा फोटो चढत नाही आणि मेल येणे-जाणेही थांबू शकते. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र मेलने येते, हे ज्यांच्या घरात पहिली पिढी नोकरीला लागते आहे त्यांनी लक्षात घ्यावे. दोन वर्षे मर्यादेच्या वर राहिलात तर साठवलेले पुसले जाऊ शकते. दोन वर्षे खाते वापरलेच नाही तर अख्खे खाते काढून टाकण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे. सूचना मेलने देतात हे मान्य. तो मेल उघडतो कोण?

इथे आमच्या वस्त्यांमधले वास्तव पाहिले पाहिजे. फोन घेतला की खाते उघडून देतो दुकानदार. पासवर्ड तोच टाकतो, गिऱ्हाइकाला फोन कसा लावायचा तेवढे सांगतो. फोन हरवला, फुटला की नवा फोन, नवे खाते, पुन्हा १५ जीबी फुकट! जुन्या खात्यात आईचे शेवटचे फोटो असतात, पण पासवर्ड कोणाला आठवत नाही आणि नंबरही बंद पडलेला. असे खाते दोन वर्षांत वापराअभावी बेवारस ठरते. ज्याच्याकडे एकच फोन, तोही घरातल्या चौघांचा, त्याच्यावर या नियमांची कुऱ्हाड आधी पडते. पैसेवाल्याला काय? २०२५ मध्ये गूगलची १०० जीबी जागा महिना १३० रुपयांना आणि आयक्लाउडची ५० जीबी ७५ रुपयांना होती. त्याला तो एका चहानाश्त्याचा खर्च वाटतो. आमच्या माणसाला तो दर महिन्याला, आयुष्यभर भरायचा गाळ्याचा भाडेपट्टा आहे. भाडे थकले की माल बाहेर.

आणि आता नवी खैरात सुरू झाली आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी जिओ आणि गूगलने १८ महिने जेमिनीची महागडी सेवा आणि सोबत २ टीबी जागा मोफत जाहीर केली. किंमत सांगितली ३५,१०० रुपये. पात्र कोण? आधी १८ ते २५ वयाचे, आणि ज्यांचा अनलिमिटेड फाइव्ह-जी प्लॅन आहे ते. पुढे वयाची अट सैल झाली, प्लॅनची नाही. फाइव्ह-जीचा प्लॅन घेऊ न शकलेला तरुण आपोआप अपात्र! आणि जो पात्र ठरला त्याचे काय? दीड वर्षात तो २ टीबीचे गोदाम भरत जाईल. एकोणिसाव्या महिन्यात त्याच्यापुढे प्रश्न येईल, पैसे भरू की आपलेच सामान १५ जीबीच्या खोलीत कोंबू? तरुणांनी ही सवलत घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. जरूर घ्यावी, अभ्यासाला वापरावी. परंतु एकमेव प्रत तिथे ठेवू नये.

सरकारचेही एक गोदाम आहे. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये स्वतः चढवायच्या कागदांसाठी १ जीबी जागा आहे. कागदपत्रांना ती पुरते, फोटोंना नाही. शिवाय संबंधित खात्याने तिथे थेट दिलेला दाखला कायद्याने मूळ कागदासारखाच मानला जातो, आपण मोबाइलने फोटो काढून ठेवलेला नाही. हा फरक विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी तो सांगितला पाहिजे. कोणाचेही साठवलेले पुसण्याआधी त्याच्या भाषेत, मेलने नव्हे तर मोबाइलवर संदेश पाठवून कळवण्याची सक्ती कंपन्यांवर झाली पाहिजे, ही आमची मागणी आहे.

तोवर हातातले काम करावे. 'स्टोरेज फुल' अशी सूचना आली की आधी पाहावे, फोन भरला आहे की खाते. फोन भरला असेल तर गूगल फोटोजमधील 'फ्री अप स्पेस' वापरावे. त्याने फक्त फोनवरची प्रत जाते. तेच फोटो निवडून 'डिलीट' केले तर क्लाउडमधलेही जातात आणि कचरापेटीत ६० दिवसच राहतात. आयक्लाउड फोटोजमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. गूगलच्या 'टेकआउट' या सोयीने खात्यातले सारे काही एकदम उतरवून घेता येते, त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार शिकलेल्या मुलामुलींनी एखाद्या रविवारी समाजमंदिरात बसावे. सोबत एक लॅपटॉप, वर्गणीतून घेतलेली एक हार्ड डिस्क आणि एक दोनशे पानी वही असावी. वहीत प्रत्येक घराच्या खात्याचे नाव आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर लिहावा, पासवर्ड ज्याचा त्याने आपल्या घरी लिहून ठेवावा. सुरुवात म्हाताऱ्या माणसांच्या फोनपासून करावी.